बिनआवाजाचा अडॅप्टर

लाईट गेली की आमच्या गल्लीत एकच माणूस खूश व्हायचा. स्वामी मॅडम. उदगीरचा उन्हाळा, ऐन दुपार, पंखे थांबले की घराघरातून "गेली, गेली" असा ओरडा व्हायचा. बाया पदरानं वारा घेत ओट्यावर यायच्या आणि पलीकडच्या घरातून स्वामी मॅडम अनवाणी पायांनी मागच्या अंगणात धावत सुटायच्या. गळ्यात हेडफोन लटकलेला असायचा. पेरूच्या झाडाखाली मांडी घालून बसायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि ऐकत राहायच्या. काय ऐकतात ते सुरुवातीला कुणालाच ठाऊक नव्हतं. लाईट आली की त्यांचा चेहरा पडायचा.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, त्या विज्ञान. शाळेची मागची भिंत आणि त्यांच्या अंगणाची भिंत एकच. बारीक अंगकाठी, कपाळाला विभूतीचं बोट, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. हातात बांगडी नाही, पायात पैंजण नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बांगड्या लई बोलतात." स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची फरशीवरून ओढली की दातांखाली खडा आल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. स्वतः खुर्ची उचलून ठेवायच्या. बोलताना एक तळहात टेबलावर पसरलेला असायचा, डॉक्टर नाडी बघतो तसा. मग मधूनच बोलणं थांबवून म्हणायच्या, "जवारीचा ट्रक. भरून आलाय." खरंच मोंढ्याकडून, धान्यबाजाराकडून, ट्रकचा आवाज यायचा, पण आम्हाला तो नंतर.

त्यांना काही विचारलं आणि आजूबाजूला गलका असला, तर हात वर करून म्हणायच्या, "वरचा गोंगाट थांबू द्या, मग सांगते." 'वरचा' हा शब्द मला खटकायचा. गोंगाटाला कुणी वरचा म्हणत नाही.

त्यांच्या मशीनची ओळख मला झाली ती गवारीच्या भाजीमुळे. वाटी परत द्यायला गेले तर अंगणात एक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून कॉम्प्युटरचे जुने पंखे बसवलेले. शाळेच्या कॉम्प्युटर रूममधल्या मोडीतून काढून आणले होते. डब्यातून एक वायर निघून पेरूच्या मुळाशी जमिनीत शिरली होती.

"हे काय आहे?"

"जमिनीचा स्टेथोस्कोप," त्या म्हणाल्या. थट्टा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. स्पीकरमधलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं स्प्रिंगला टांगून स्टीलच्या झाकणाच्या डबीत ठेवायचं आणि डबी जमिनीत पुरायची. जमीन हलली की वेटोळ्यात बारीकसा करंट उठतो. तो पत्र्याच्या डब्यात मोठा करायचा, कानानं ऐकायचा, आणि जुन्या लॅपटॉपच्या पोटातलं सामान आत बसवलं होतं त्यात साठवून ठेवायचा. हे सगळं बॅटरीवर चालायचं. पण आमच्याकडचं ऊन असं की डबा चुलीवर ठेवल्यासारखा तापायचा आणि मशीन बंद पडायचं. म्हणून पंखे. पंखे बॅटरीवर लावले की बॅटरी बसायची. म्हणून पंख्यांना घरची लाईट, आणि त्यासाठी अडॅप्टर.

"आणि अडॅप्टरच मेला गुणगुणतो," त्या म्हणाल्या. "आवाज वायरीतून मशीनमध्ये जातो. खालचं काहीच कळू देत नाही."

लाईट गेल्यावर त्या का धावायच्या ते मला तेव्हा कळलं. पंखे थांबायचे, अडॅप्टर गप्प व्हायचा, आणि डबा तापून बंद पडेपर्यंतची काही मिनिटं त्यांना स्वच्छ ऐकू यायचं.

आमच्या भागात जमिनीखालून आवाज येणं नवीन नाही. लातूरकडे, नांदेडकडे कुठल्या ना कुठल्या गावात दरवर्षी जमीन गुरगुरते. भांडी वाजतात, लोक अंथरुणं घेऊन अंगणात झोपतात, साहेब लोक येऊन सांगतात की घाबरू नका, नोंद झालेली नाही. स्वामी मॅडमना अशा प्रत्येक गावात एकेक डबा ठेवायचा होता. म्हणून त्यांचा हट्ट होता की अडॅप्टर स्वस्तच पाहिजे, आणि गावातल्या माणसाला बिघडला तर दुसरा मिळेल असा पाहिजे. महागडा, बाहेरून मागवलेला त्यांना चालणार नव्हता.

तो अडॅप्टर शोधण्यात त्यांचे रविवार जायचे. लातूरला गंजगोलाईच्या आसपासचे दुकानदार त्यांना 'रेडिओवाल्या मॅडम' म्हणायचे. कारण त्यांच्या पर्समध्ये एक पंखा आणि एक छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ असायचा. दुकानात अडॅप्टर लावायचा, पंखा फिरवायचा आणि रेडिओ कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी आणून अडॅप्टरजवळ धरायचा. रेडिओ किंचाळला की अडॅप्टर बाद. बहुतेक वेळा किंचाळायचाच.

एकदा नांदेडला मी त्यांच्यासोबत गेले. माझी आतेबहीण तिथं असते, तिला भेटायचं होतं. स्टेशनजवळच्या एका बोळात हमीदभाईंचं जुन्या सामानाचं दुकान. भिंतीला चिंचेच्या आकड्यांसारखे चार्जरचे झुपके लटकलेले. मॅडमनी एकेक काढून लावायला सुरुवात केली. रेडिओ किंचाळत होता, हमीदभाई कपाळाला हात लावून बसले होते.

"मॅडम, तुम्हाला पंखा फिरवायचा हाय का पंख्याला झोपवायचं हाय?"

"फिरवायचाय. पण त्याला कळू न देता."

"कुणाला?"

मॅडम पुढचा चार्जर काढू लागल्या. हमीदभाईंनी एक जाडजूड, जड अडॅप्टर पुढे केला. जुना आहे, मजबूत आहे म्हणाले. मॅडमनी तो बोर्डात लावून कानाजवळ नेला आणि काढून परत दिला. "हा जाड आवाजात गुणगुणतो. खालच्या आवाजासारखाच. हा फसवील मला." मग नवा, बारीक, पिसासारखा हलका बघितला. तो पंखा लावताच तापला. त्या माझ्याकडे वळून वर्गात सांगतात तशा म्हणाल्या, "पंख्यावर बारा व्होल्ट लिहिलंय, तर यावरही बाराच पाहिजे. अँपिअर जास्त असला तर बिघडत नाही, पंखा लागेल तेवढाच घेतो. कमी असला की याचा जीव जातो."

शेवटी हमीदभाईंनी खाली वाकून एक खोकं ओढलं. टीव्हीच्या डिशचे जुने डबे लोक टाकून देतात, त्यांचे अडॅप्टर त्यात भरले होते. सगळे बारा व्होल्टचे. मॅडम चाचपडत राहिल्या आणि एक निवडला. त्याच्या वायरला टोकाजवळ सुपारीएवढी काळी गाठ होती. "ही गाठ असली की गोंगाट आत अडतो," त्या म्हणाल्या. लावला. पंखा फिरला. रेडिओ जवळ नेला. मघाशी दुकानभर किंचाळणारा रेडिओ नुसता खरखरत राहिला, कुठलंच स्टेशन नसताना खरखरतो तेवढाच. मॅडमनी तो अगदी चिकटवून धरला, तरी तेवढाच. हमीदभाई उठून जवळ आले. तिघंही वाकून ऐकत होतो, आणि त्या खरखरीच्या मागे फार लांबून काहीतरी येतंय असं मला वाटलं. हमीदभाईंनाही वाटलं असावं. त्यांनी हात पुढे करून रेडिओचं बटण बंद केलं.

"ले जाव मॅडम," ते म्हणाले. "और भी चाहिए तो गाठवाले अलग निकालके रखता. लेकिन ये रेडिओ इधर मत लगाव."

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. पंखे फिरत होते, डबा थंड होता. हेडफोन माझ्या कानावर ठेवला. आधी मला काही कळलं नाही. मग शेजारच्या बाईंचा बत्ता ओळखू आला, मग रस्त्यावरची बस, मग कुणाची तरी पावलं. सगळं खालून ऐकू येत होतं, जणू मी जमिनीत पडून वरचं जग ऐकतेय. आणि या सगळ्याच्याही खाली एक घरघर होती. जड, संथ, गोल फिरणारी. मध्येच थांबायची, परत सुरू व्हायची.

"ट्रक असेल," मी म्हणाले.

"ट्रक पुढे जातो," मॅडम म्हणाल्या. "हे जागेवर आहे."

त्यांनी डबी वेगवेगळ्या ठिकाणी पुरून बघितली. शाळेच्या भिंतीकडे सरकावं तसा आवाज वाढायचा. सातवीच्या वर्गाच्या भिंतीशी तो सगळ्यात मोठा होता. तेव्हा त्या मुख्याध्यापक बिराजदार सरांकडे गेल्या. मी सोबत होते.

"सर, सातवीचा वर्ग दुसरीकडे हलवा. खाली काहीतरी चालू आहे."

"काय चालू आहे?"

"ते कळत नाही. पण मोठं होऊन राहिलंय."

बिराजदार सर वाईट माणूस नव्हते. पण शाळेत एक खोली रिकामी नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, बिस्किटाच्या डब्याचं ऐकून मी वर्ग हलवला, तर लोक मला वेड्यात काढतील. तुम्ही आराम करा जरा."

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला तास पटांगणातल्या कडुलिंबाखाली घ्यायला सुरुवात केली. मग इतरांचे तासही मागून घेऊ लागल्या. त्यांची शिकवण्याची पद्धत शांत, मुलींना भुरळ घालणारी होती, मुली आनंदानं जायच्या. पालकांच्या तक्रारी आल्या, पोरींना उन्हात बसवतात म्हणून. मॅडमनी ऐकून घेतलं आणि सावली फिरेल तशा मुली फिरवल्या.

पुढे श्रावणात झड लागली. लिंबाखाली चिखल झाला. त्यात तपासणीसाठी साहेब येणार होते, म्हणून सरांनी सक्त ताकीद दिली की सगळे वर्ग आपापल्या जागी. सातवीचा वर्ग पुन्हा त्या खोलीत भरला. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. पाऊस पत्र्यावर वाजत होता. सातवीच्या वर्गात एकदम बोलणं थांबलं. मुलींचा वर्ग गप्प होतो तेव्हा शिक्षकाचं लक्ष जातंच. मी दारात आले.

सातवीच्या मुली एकामागं एक बाहेर येत होत्या. चपला हातात, दप्तरं नाहीत. कुणी हसत नव्हतं, बोलत नव्हतं. आतून मॅडमचा आवाज येत होता, अगदी हळू. "पळू नका. पाय आपटू नका. मांजरीसारखं चाला." मुली व्हरांड्यातून पटांगणात उतरल्या आणि पावसात भिजत उभ्या राहिल्या. शेवटची मुलगी बाहेर आली. मॅडम आल्या नाहीत.

मी खोलीत डोकावले. त्या बाकांच्या मधल्या वाटेत गुडघे टेकून फरशीला कान लावून बसल्या होत्या.

"मॅडम, चला!"

त्यांनी तोंड वर केलं. मॅडमना मी किती वर्षं ओळखत होते, पण तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. भीतीचा मागमूस नव्हता. लेकीच्या घरून गाडी येताना दिसल्यावर म्हातारी आई ओट्यावरून उठते ना, तसा चेहरा.

"येतंय, मीना," त्या म्हणाल्या. "येतंय ते."

मी आत गेले, त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. त्या अंगानं हलक्या होत्या, पण तेव्हा जमिनीला चिकटल्यासारख्या वाटल्या. उंबऱ्याच्या बाहेर आलो आणि मागं फरशी बसली. फार मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी दमून श्वास सोडावा तसा झाला. बाक एकेक करून खाली गेले.

खाली पेव होतं. धान्य साठवायला जमिनीत खोल खड्डा खणून वरून बुजवायचे, त्यातलं. शाळा होण्याआधी तिथं कुणा अडत्याची जागा होती म्हणे, पेवाची आठवण कुणालाच राहिली नव्हती. त्याच्या भिंतीची माती कधीची आत ढासळत होती. तीच घरघर. खड्ड्यातून थंड हवा वर आली आणि तिला जुन्या जवारीचा वास होता. एकाही मुलीला ओरखडा आला नाही. बिराजदार सर पावसात उभे राहून हात जोडत होते, मॅडमना की देवाला ते त्यांनाही माहीत नसावं.

मॅडम मात्र कडेला उभ्या राहून त्या अंधाराकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं होतं.

"पेव होतं होय," त्या म्हणाल्या. "एवढंच."

गावात त्यांचं नाव झालं. बाया त्यांना वाकून नमस्कार करू लागल्या, आणि मॅडम समोरून आल्या तर रस्ताही बदलू लागल्या. एक जाडजूड गृहस्थ जीप घेऊन आले. त्यांच्या वाड्यात सोनं पुरलेलं आहे, मशीन लावून द्या म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "सोनं बोलत नाही." एक म्हातारा रेणापूरहून आला. त्यानं काहीच मागितलं नाही. फक्त विचारलं, "बाई, खाली गेलेले समदे एकाच जागी असत्यात का?" त्याला त्यांनी चहा दिला आणि बराच वेळ जवळ बसवून घेतलं. दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

पेव दगडमातीनं बुजवायचं ठरलं. त्याआधी मॅडमनी सरांकडे एक दुपार मागून घेतली. सर आता त्यांना कशालाच नाही म्हणत नव्हते. सुट्टीचा दिवस होता. मला सोबत चल म्हणाल्या. खड्ड्याच्या कडेला पत्र्याचा डबा ठेवला, गाठीचा अडॅप्टर शेजारच्या वर्गातल्या बोर्डात लावला, पंखे सुरू झाले. हेडफोन मला दिला. "तू आधी ऐक," म्हणाल्या. "मी सांगत नाही काय आहे ते."

मी पेवाच्या काळोखाकडे बघत ऐकू लागले. घरघर होती. तीच, पण आता जवळ. माती ढासळण्याचा आवाज असा नसतो. ही एका लयीत होती. फिरता फिरता मंद व्हायची, थांबायची, मग दाणे सांडल्यासारखी बारीक सरसर, आणि पुन्हा फिरायला लागायची. मी खेड्यात वाढलेली बाई. जात्याच्या तोंडात मूठ टाकताना दळणारीचा हात कसा थांबतो ते मला माहीत आहे.

"जातं," मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. आणि पहिल्यांदाच त्यांनी मला घरचं सांगितलं. त्यांचं गाव औशाकडचं, भूकंपात गेलेलं. तेव्हा त्या लहान होत्या, चाकूरला मामाकडे गेल्या होत्या म्हणून वाचल्या. अव्वा, म्हणजे आई, आणि मोठी बहीण, अक्का, दोघी गेल्या. "भूकंपाच्या आधी कितीतरी महिने जमिनीतून आवाज यायचे," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं म्हणायची गॅस आहे, काही नाही. मी भ्यायची. तर अक्का मला शेजारी झोपवून जमिनीला कान लावायला लावायची. म्हणायची, भिऊ नको, ऐक, कुणीतरी दळून राहिलंय खाली. आपल्यासाठीच दळतंय." मग म्हणाल्या, "सगळे म्हणतात मी भूकंपाला भिते म्हणून मशीन केलं. मी कशाला भिऊ?"

हेडफोनमध्ये जातं फिरतच होतं. "पण हे पेवात कसं असेल?" मी विचारलं. "बघा ना, डबी किती खाली गेली आहे? काठाला कुठं घासत असेल."

मी वळून वायरीकडे पाहिलं. पत्र्याच्या डब्यातून निघालेली वायर पेवाकडे गेलीच नव्हती. ती मॅडमच्या मांडीवर गेली होती. स्टीलची डबी अजून तिथंच होती, त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

मी हेडफोन काढून खाली ठेवला.

"मलाही इतकी वर्षं वाटत होतं की ते खालीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी मशीन लावलेलं मी पाहिलं नाही. लाईट गेली तरी त्या अंगणात येईनाशा झाल्या. शाळेत मात्र पहिल्यापेक्षा मोकळ्या वागायच्या, एकदा तर खुर्ची ओढूनही बसल्या, आणि आम्ही सगळ्या दचकून बघत राहिलो. बनवलेले डबे त्यांनी जमिनीखालून आवाज येणाऱ्या गावांतल्या शाळांना वाटून टाकले. प्रत्येकासोबत गाठीच्या वायरचा एकेक अडॅप्टर होता. वर्ष संपलं तसा त्यांनी राजीनामा दिला. कुठं जाणार विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या गावाकडं." मी म्हणाले, "नव्या वसवलेल्या गावात का?" त्या हसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात औशाकडे एका लग्नाला निघालो होतो. रस्त्याला लागून त्यांचं जुनं गाव आहे. म्हणजे आता गाव नाही, बाभळी आहेत, घाणेरी आहे, आणि मध्ये मध्ये घरांच्या जोत्यांचे दगड. लोक कधीचे नव्या वसाहतीत गेले. दुपार टळटळीत होती, चिटपाखरू नव्हतं. जीपचा ड्रायव्हर पाणी प्यायला थांबला आणि मला त्या दिसल्या. एका जोत्याच्या दगडावर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. कुणाशी तरी बोलताना माणूस मान हलवतो तशी मान हलत होती. मधेच हसल्या, तोंडावर हात घेऊन, लहान मुलीसारख्या.

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या दगडावरून थोड्या बाजूला सरकल्या आणि पदरानं शेजारची धूळ झटकली. कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी.

"बाई, वळखीच्या हायत का?" ड्रायव्हर म्हणाला. "थांबायचं का जरा?"

"नको," मी म्हणाले. "त्या एकट्या नाहीत."